केडगावच्या रमाबाईंचा रोजचा धर्म

आज आपण केडगावच्या पंडिता रमाबाईंविषयी बोलणार आहोत. हा विषय आमच्याकडे कसा निघाला, ते आधी सांगतो.

आमच्या सणसरच्या बचत गटाची बैठक पूर्वी रविवारी सकाळी असायची. गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. त्या प्रार्थना उरकून येईपर्यंत आमची हजेरी झालेली असायची. मग नियमाप्रमाणे दहा रुपये दंड. ताई पदराची गाठ सोडून दहाची नोट ठेवायच्या आणि बसायच्या. वर्षअखेरीला हिशोबाची वही मांडली, तेव्हा एकाच नावापुढे ओळीने दंड दिसला आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. "ताई, तुम्ही बोलला का नाही?" असं विचारलं तर म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. प्रार्थना माझी, तिचा भार तुमच्यावर कशाला?" आम्ही बैठक शनिवारी नेली. त्या दिवशी बोलता बोलता केडगाव निघालं. आपल्या बारामतीवरून सुपे आणि चौफुला करत गेलं की केडगाव. तिथलं मुक्ती मिशन रमाबाईंनी उभं केलं.

शाळेत आम्ही रमाबाई वाचल्या त्या एवढ्याच: संस्कृतच्या पंडिता, बायकांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या, शारदा सदन काढणाऱ्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला हे एका ओळीत यायचं आणि पुढचा धडा सुरू व्हायचा. त्या ओळीनंतर बाई साडेअडतीस वर्षं जगल्या. त्या वर्षांत त्यांनी तो धर्म रोजच्या दिवसात कसा पाळला, ते आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमेला. हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांत गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आत पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा दहा महिन्यांची होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या जोगिणींकडे राहत असताना 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. तिकडे वाँटेजच्या बायकांना वाटलं, आता ही आपल्या सांगण्यात राहील. तसंही झालं नाही. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला रमाबाई तयार नव्हत्या. शास्त्र स्वतः वाचायचं, पटलं तर घ्यायचं, हा बाप्तिस्म्याआधीचाच रिवाज त्यांनी पुढेही ठेवला. जेवण शेवटपर्यंत शाकाहारीच होतं. पुढे 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे, की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला आणि ख्रिस्त सापडायला पुढची आठ वर्षं लागली. हे वाचून आम्हाला धीर आला. एवढ्या विदुषीलाही आठ वर्षं लागली!

मार्च 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि दीडेक वर्षाने ते पुण्याला आणलं. पैसा अमेरिकेतल्या लोकांनी दिला होता. सदनात बालविधवांना आपापले सोवळे-उपास पाळायची मोकळीक होती. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये वाद पेटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

यावर आमच्या गटात दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, विश्वासाने लेक ठेवली, तिने घरचा देव सोडला तर आईबापाला राग येणारच. दुसऱ्या म्हणाल्या, ज्या घराने तिचं केशवपन करून तिला माजघरात बसवलं, त्या घराला तेव्हा तिचा कळवळा नव्हता का? वाद मिटला नाही. मिटायला हवा असंही नाही. आम्हाला एवढं दिसतं, की मुली गेल्या, मोठी माणसं सोडून गेली, तरी रमाबाईंनी ना दार लावून घेतलं, ना सदन बंद केलं.

मग 1896 चा दुष्काळ आला. आपला नीरा डावा कालवा 1876 च्या दुष्काळातल्या कामांतून उभा राहिला, म्हणून इंदापूर-बारामतीच्या बाईला दुष्काळ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रमाबाईंनी तर त्यात तीन माणसं गमावलेली. त्या उठल्या आणि मध्य प्रांतात गेल्या. तिथून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, एवढ्या बायका शहरात ठेवता येईनात. केडगाव स्टेशनजवळ फळबागेसाठी घेतलेली माळरानाची जमीन होती, तिथे राहुट्या ठोकल्या. तेच पुढे मुक्ती सदन झालं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, तेव्हा तिथलं खातं दोन हजारांच्या घरात पोचलं.

दोन हजार तोंडं, सख्यांनो. आपल्याला दहा जणींचं हळदीकुंकू म्हटलं तरी आदल्या रात्री झोप लागत नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाई ठेवल्या. मुली विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छपाई शिकल्या. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं. अंध मुलींसाठी वेगळी शाळा होती आणि त्यांना बोटांनी वाचायला मनोरमाबाईंनी शिकवलं. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हायची आणि त्यानंतर कामच काम.

सरकारच्या धर्माची म्हणून सरकारपुढे मान तुकवणारी ही बाई नव्हती. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय हेळसांड होते, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. तो विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

या सगळ्या धबडग्यात त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. बायबलचं मराठी त्यांना संस्कृताने जड झालेलं वाटायचं. त्यांच्याकडच्या मुली शेतकरी, मजूर घरांतल्या, त्यांना ते कळेना. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचायचं, त्या बाईने ठरवलं की भाषा साधी करायची. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वय पंचेचाळिशीच्या पुढे असताना. कान कमी ऐकू लागले होते. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे भाषांतर चाललं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं आश्रमातल्या बायकांनी केलं. यातल्या कितीतरी जणी केडगावला आल्या तेव्हा अक्षरशत्रू होत्या.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा, तीच लेक आधी गेली. रमाबाई परत कामाला बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी देह ठेवला, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. ते पूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं.

आमच्या ताईंना आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिळे जुळवणाऱ्या बायकांची नावं कुठे लिहिलीत का?" आम्ही त्या पुस्तकात पुन्हा शोधलं. त्यात नव्हती. आता शनिवारची एक बैठक मोडून केडगावला जायचं ठरलं आहे. गाडीभाडं दंडाच्या पेटीतून जाईल.