लघुमूर्तींचे तैलरंगकाम : साहित्य, पद्धती आणि दक्षता

धातू, रेझिन किंवा प्लास्टिक यांपासून साच्यात घडवलेल्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या छोट्या प्रतिकृतींना लघुमूर्ती म्हणता येईल. हौशी वर्तुळात ‘मिनिएचर फिगर’ हे नाव अधिक रुळलेले आहे. विल्यम ब्रिटन या इंग्रज खेळणी-उत्पादकाने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले. त्यांची ५४ मिलिमीटर ही उंची पुढे या क्षेत्रातील एक प्रमाण ठरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही खेळणी प्रौढांच्या गंभीर छंदाचा विषय झाली. शिकागो येथील शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांच्यासारख्या कलावंतांनी त्यांना लघुशिल्पाचा दर्जा मिळवून दिला. लघुमूर्तींसाठी आज ॲक्रिलिक रंग सर्वाधिक वापरले जातात. तरीही चेहरा, वस्त्र आणि घोडा रंगवताना अनेक जाणते कलाकार तैलरंगांकडेच वळतात.

तैलरंग कशासाठी?

५४ मिलिमीटर उंचीची मूर्ती म्हणजे पूर्ण वाढलेल्या माणसाचा सुमारे बत्तिसावा भाग. तिचे डोके जेमतेम ७ मिलिमीटरचे आणि डोळ्याची खोबण एक मिलिमीटरहूनही उथळ असते. माणसाच्या मानाने घराची खिडकी फार मोठी नसते. मूर्तीच्या मानाने मात्र ती प्रचंड ठरते. तिच्यातून येणारा प्रकाश मूर्तीवर सर्व बाजूंनी पसरतो आणि भुवईखालची, हनुवटीखालची, वस्त्राच्या चुणीतली सावली जवळजवळ पुसून टाकतो. म्हणूनच एका सपाट रंगात रंगवलेली लघुमूर्ती निर्जीव दिसते. जी छाया निसर्ग देत नाही, ती कुंचल्याने द्यावी लागते. लघुमूर्ती रंगवणे म्हणजे मुख्यतः तिच्यावरचा प्रकाश रंगवणे होय.

उजेडाकडून सावलीकडे जाणारे हे स्थित्यंतर अखंड दिसले पाहिजे. ॲक्रिलिक रंग काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे त्यात असे स्थित्यंतर अनेक पातळ थरांनी उभारावे लागते. तैलरंगाचा बंधक म्हणजे जवसाचे तेल. ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते सावकाश घट्ट होते. परिणामी दोन छटा एकमेकींत विरघळवण्यासाठी कलाकाराला काही तास मिळतात, आणि चुकलेला भाग स्वच्छ ओल्या कुंचल्याने पुसून पुन्हा आरंभही करता येतो.

जुनी परंपरा

शिल्पाला तैलरंगाने त्वचा देण्याची कल्पना नवी नाही. सतराव्या शतकात सेव्हिल नगरीत काष्ठशिल्पे कोरणारे आणि ती रंगवणारे कारागीर वेगवेगळे असत. हुआन मार्तिनेझ मोंतान्येस यांनी कोरलेले ख्रिस्तशिल्प चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको यांनी रंगवले. पाचेको हे पुढे विख्यात झालेल्या वेलाझ्केझचे गुरू आणि सासरे. त्यांचा चित्रकलेवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४९ मध्ये प्रकाशित झाला. त्वचेचा रंग चकचकीत असू नये, निस्तेज पोताचा असावा, असा त्यांचा आग्रह होता. तशी त्वचा अधिक नैसर्गिक दिसते, हे त्याचे कारण. जुने गोवे येथील ख्रिस्ती कला संग्रहालयातील रंगीत काष्ठमूर्ती पाहिलेल्या वाचकांना या परंपरेची कल्पना असेल. चकाकी टाळण्याचा हा प्रश्न लघुमूर्तिकारासमोर आजही तसाच उभा आहे.

पूर्वतयारी

साच्याच्या सांध्याची रेघ बारीक कानशीने घासून काढावी. मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, कारण साच्यातून सहज सुटण्यासाठी लावलेला स्निग्ध पदार्थ रंग धरू देत नाही. त्यानंतर अस्तराचा एक अतिशय पातळ हात द्यावा आणि त्यावर ॲक्रिलिक रंगाचा निस्तेज पाया घालावा.

हा पाया ॲक्रिलिकचाच का, हे ध्यानी घ्यावे. तैलरंग टर्पेंटाइनने पातळ करतात. पाया इनॅमल रंगाचा असल्यास तेच टर्पेंटाइन त्याला सोडवू शकते आणि कित्येक दिवसांचे काम एका फटक्यात बिघडते. पुरता वाळलेला ॲक्रिलिक थर मात्र टिकून राहतो. उलट क्रम, म्हणजे तैलरंगावर ॲक्रिलिक, टाळावा. तेलकट पृष्ठभागावर ॲक्रिलिक नीट चिकटत नाही.

चकाकीवरचा उपाय सोपा आहे. नळीतला रंग थेट पॅलेटवर न घेता साध्या, न गुळगुळीत पुठ्ठ्यावर तासभर ठेवावा. पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो आणि उरलेला रंग वाळल्यावर निस्तेज दिसतो.

चेहरा, वस्त्र आणि घोडा

चेहऱ्यावर प्रथम मध्यम छटेचा अगदी पातळ थर द्यावा. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांच्या मिश्रणातून त्वचेच्या अनेक छटा साधतात. सावळ्या त्वचेसाठी बर्न्ट अंबरचे प्रमाण वाढवावे. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, खालच्या ओठाखाली आणि जबड्याच्या कडेला गडद छटेचे ठिपके ठेवावेत. कपाळ, नाकाचा कणा, गालाचे हाड आणि हनुवटी येथे उजळ छटा द्यावी. मग कोरड्या, स्वच्छ कुंचल्याच्या टोकाने छटांच्या सीमेवर हलकेच टिचक्या माराव्यात. कुंचला ओढू नये आणि प्रत्येक वेळी फडक्याला पुसावा. सावलीत निव्वळ काळा रंग घातल्यास त्वचा मळकट दिसते. डोळे आधीच ॲक्रिलिकमध्ये आखून घेणे सोयीचे. गणेश चित्रशाळेतील आखणीप्रमाणे येथेही मूर्तीचा भाव नजरेवर ठरतो.

वस्त्रासाठी हीच रीत लागू पडते. छाया चुणीच्या तळाशी आणि उजेड तिच्या कण्यावर असावा. तांबूस घोड्यासाठी फिकट बदामी पायावर बर्न्ट अंबर सर्वत्र लावावा आणि उंचवट्यांवरून स्पंजच्या तुकड्याने तो टिपून घ्यावा. खोलगट भागात रंग उरतो आणि स्नायू आपोआप उठून दिसतात. नवशिक्याने आरंभ येथूनच करावा. पट्टे, बटणे आणि धातूचे भाग यांना काटेकोर कडा लागतात, त्यामुळे तेथे ॲक्रिलिकच सरस ठरते.

वाळवण आणि दक्षता

तैलरंग हाताला कोरडा लागण्यास साधारणतः काही दिवस जातात. सर्वच रंग एका गतीने वाळत नाहीत. मँगनीज असलेला बर्न्ट अंबर लवकर वाळतो, तर टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक बराच वेळ घेतात. कोकण-गोव्याच्या पावसाळी दमट हवेत वाळवण आणखी लांबते, म्हणून मूर्ती झाकून धुळीपासून जपावी. निस्तेज व्हार्निश रंग पुरता वाळल्यावरच लावावे.

टर्पेंटाइन हाताळताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय सोडावी, कारण कॅडमियमसारखी काही रंगद्रव्ये विषारी असतात. जुन्या शिशाच्या मूर्ती घासताना धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि काम संपताच हात धुवावेत. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवल्यास आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

प्रारंभासाठी मोठा संच आवश्यक नाही. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन या ५ नळ्या पुरतात. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळले की जवळजवळ काळी छटा मिळते, त्यामुळे काळ्या रंगाची निराळी नळीही लागत नाही. एका मूर्तीला रंग इतका थोडा लागतो की हीच नळ्यांची जोडी कित्येक वर्षे साथ देते.