एटीएम यंत्रातील घटकसंच रचना

नोटा देणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे यांत्रिक भाग स्वतंत्रपणे काढता-बसवता येतील अशा संचांत विभागण्याची अभिकल्पन-पद्धती. एटीएमची सुरुवात 27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने केली. भारतातील पहिले एटीएम एचएसबीसीने 1987 मध्ये मुंबईत बसवले [→ बँकव्यवसाय].

नोटा कॅसेटमध्ये उभ्या रचलेल्या असतात. रबरी रोलर घर्षणाने किंवा निर्वात चूषक ओढून एकेक नोट सुटी करतो; संवेदक तिची जाडी तपासतो. दोन नोटा चिकटून आल्या तर त्या नाकार-पेटीत पडतात, बाकीच्यांची गड्डी पट्ट्यांवरून झडपेपर्यंत जाते [→ संवेदक]. कॅसेट, उचल-संच, वाहक व झडप हे वेगळे संच असून त्यांचा मिळून बनलेला वितरक (नोटा देणारी यंत्रणा) तिजोरीतून रुळांवर बाहेर ओढता येतो. झिजलेला रोलर, सैल पट्टा किंवा धूळ बसलेला संवेदक ही बिघाडाची नेहमीची कारणे. तिजोरी उघडी ठेवून दुरुस्ती करणे जोखमीचे असल्याने जागेवर संच बदलतात व दुरुस्ती कार्यशाळेत होते.

नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशेच्या नोटेचा आकार 167 × 73 वरून 150 × 66 मिमी. झाला आणि देशभर कॅसेटची मापे नव्याने जुळवावी लागली [→ निश्चलनीकरण]. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने, जागेवर नोटा भरण्याऐवजी कुलूपबंद कॅसेटच बदलण्याचे निर्देश बँकांना दिले. त्यासाठी दिलेली मुदत मात्र पुढे वाढवावी लागली.