पवनचक्क्या, घसारा आणि पठारावरचा रोजगार

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे पवनचक्कीसमोरचा एक फोटो असतोच. माझ्याकडेही आहे :) पण या चक्क्या तिथे आल्या कशा? 'वारा' हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं इन्कम टॅक्समध्ये आहे.

नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा. म्हणजे समजा १ कोटीची चक्की घेतली, की त्या वर्षीच्या नफ्यातून अख्खा १ कोटी वजा! टॅक्स माफ होत नव्हता, पुढे ढकलला जायचा. पण नफ्यातल्या कंपनीला तेवढंही पुष्कळ. २००२ मध्ये हा घसारा ८० टक्क्यांवर आला.

गोम अशी, की ही सवलत चक्की उभारण्यावर होती, ती किती युनिट वीज देते यावर नाही. आमच्या धंद्यात कोडच्या ओळी मोजून पगार दिला तर ओळीच वाढतील, तसंच हे. आणि रोजगारही तसाच आला. रस्ते, पाया, क्रेन, ट्रेलर... काही महिने पठारावर माणसंच माणसं. मग उरतात ते देखभालीचे थोडे तंत्रज्ञ आणि वॉचमन.

डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने दुसरा पर्याय आणला: घसारा नको असेल तर युनिटमागे ५० पैसे. हे जास्त शहाणपणाचं होतं. पण एप्रिल २०१२ पासून दोन्ही सवलती थांबल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३२०० मेगावॅटच्या चक्क्या बसल्या होत्या. पुढच्या वर्षी जेमतेम १७००. पुढे दोन्ही परत आल्या. मग २०१७ मध्ये घसारा ४० टक्के झाला, विजेचे लिलाव सुरू झाले आणि पुन्हा तीच घसरगुंडी: २०१६-१७ मध्ये सुमारे ५५००, पुढच्या वर्षी १८०० च्या आसपास.

मग सबसिडी वाईट का? अजिबात नाही. तिच्याशिवाय हा उद्योग इथे उभाच राहिला नसता. पण ती नळासारखी उघड-बंद केली, तर भांडवल दुसरीकडे जातं; चक्क्यांच्या कारखान्यातला वेल्डर किंवा फिटर कुठे जाणार?

आता जुन्या, छोट्या चक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवायची चर्चा आहे. वारा सगळ्यात चांगला तिथेच, त्यामुळे कल्पना उत्तमच. फक्त या वेळी मोजायचं ते युनिट मोजा, आणि देखभालीच्या नोकऱ्यांसाठी पठारावरच्या गावांतली पोरं आधीपासून तयार करा. एवढं झालं तरी पुष्कळ!