खानदेशात मिठाच्या मागावर

गोणीला हात लावा, तळवा ओला होईल. साल 1850. मृग तोंडावर आलाय आणि तुम्ही धुळ्याच्या अलीकडे, लळिंगच्या किल्ल्याखाली आग्रा रस्त्यावर उभे आहात. लमाणांचा तांडा चाललाय. गाडी एकही नाही. बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या आहेत आणि त्यांत कोकणातल्या मिठागरांचं मीठ आहे. थळघाट चढून, नाशिक-मालेगाव मागे टाकून ते इथवर आलंय. नायकाचं तुमच्याकडे लक्ष नाही. तो नैऋत्येचं आभाळ बघतोय.

त्याची घाई समजून घ्यायची तर गोणीचा तळ बघा. तिथून थेंब गळतोय आणि बैलाच्या कुशीवर पांढरा ओघळ वाळलाय. निव्वळ सोडियम क्लोराइड असं सहज पाघळत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच ते पाणी ओढू लागतं. पण मिठागरातलं मीठ कधीच निव्वळ नसतं. समुद्राचं पाणी आटतं तेव्हा मिठाचे स्फटिक आधी बसतात आणि मॅग्नेशियम क्लोराइड मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं. त्या पाण्याचा अंश खड्यांना चिकटून येतो. मॅग्नेशियम क्लोराइडला एक तृतीयांश आर्द्रताही पुरते. ते पाणी ओढतं आणि त्या पाण्यात मीठ विरघळतं. पावसाची एक सर आली तर नायकाचा सगळा हंगाम रस्त्यावर वाहून जाईल.

गावाच्या शिवेवर एक बाई पदराखाली ज्वारी घेऊन उभी आहे. "मीठ शे का, भाऊ?" ती विचारते. तिच्या घरची माणसं दिवसभर रानात नांगरटीच्या कामाला आहेत. एक लिटर घाम गेला की साधारण 1 ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. मज्जातंतूतून संदेश पुढे सरकतो तो सोडियमचे कण पेशीत शिरतात म्हणून, आणि नांगर धरलेल्या मुठीची प्रत्येक हालचाल त्यावर चालते. कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवून जेवणाऱ्या या माणसांसाठी मीठ चवीपुरतं कधीच नव्हतं. समुद्र पाहिलेलाही नसलेल्या या मुलखाला समुद्रातून येणारी ही वस्तू लागतच होती, आणि लमाण ती आणून देत होते. रेल्वेने त्यांचा हा धंदा बुडवला. त्यांच्या पायपिटीची आठवण आपण फार कमी ठेवली, असं मला वाटतं.

पुढे चला. 1860 च्या दशकात रूळ येतात आणि मीठ वाघिणीतून येऊ लागतं.

1930 च्या उन्हाळ्यात तुम्ही अमळनेरला आहात. दुकानातल्या मिठावर मणामागे सव्वा रुपया सरकारचा कर आहे. मण म्हणजे सुमारे 37 किलो. पैसेवाल्याला हा कर जाणवतही नाही. पण घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागतं, म्हणून कराचं ओझंही त्याच्यावर जास्त पडतं. या करातली क्रूरता शरीराच्या रसायनशास्त्रातच होती. 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. इथे प्रताप हायस्कूलमध्ये 1924 पासून शिकवणारा, कोकणातल्या पालगडचा एक शिक्षक शाळा सोडून चळवळीत उतरतो. शाळेतली मुलं त्यांना साने सर म्हणतात. त्यांना अटक होते आणि धुळ्याच्या तुरुंगात नेलं जातं. मिठाचा कर जायला 1947 उजाडावं लागलं.

अमळनेर सोडू नका. वीस वर्षं पुढे या, 1950 मध्ये. नाकात भाजक्या शेंगदाण्याचा वास शिरतो. 29 डिसेंबर 1945 ला महंमद हाशम प्रेमजींनी नोंदवलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी इथे खानदेशातल्या भुईमुगाचं तेल काढते आणि त्याचं 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप बनवते. तेलाच्या जोडीला कपडे धुण्याचा साबण निघतो. त्याचं नाव '787'. पुढे जग या कंपनीला विप्रो म्हणून ओळखणार आहे, पण संगणक अजून फार दूर आहेत. आत्ता इथे सोडियमचं राज्य आहे.

तेल-साबणाच्या कारखान्यातलं काम नीट बघा. घाण्यातून आलेल्या कच्च्या तेलात थोडी आम्लं सुटी झालेली असतात. त्यांच्यामुळे तेल खवट होतं. म्हणून तेल कोमट करून त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडतात. सोडियम त्या आम्लांना पकडतो आणि साबणाचा तपकिरी गाळ तळाशी बसतो. वर स्वच्छ तेल राहतं, खालच्या गाळातून धुण्याचा साबण होतो. टाकाऊ म्हणून काहीच फेकायचं नाही, हा या धंद्याचा मोठा गुण.

आता मोठ्या कढईपाशी या, पण जरा लांबच उभे राहा. कॉस्टिकचा शिंतोडा उडाला तर तुमच्या कातडीतल्या चरबीचाही साबण होईल. शंभर किलो शेंगदाणा तेलाचा पुरता साबण करायचा तर साडेतेरा किलोच्या आसपास कॉस्टिक सोडा लागतो. वाफेवर तासन्‌तास उकळल्यावर तेलाचे रेणू फुटतात, ग्लिसरीन सुटं होतं आणि साबणाचा चिकट रांधा तयार होतो. मग कामगार त्यात मिठाचं पाणी ओततात, आणि या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण येतो. साबण म्हणजे सोडियमचंच संयुग. पाण्यात मिठाचं सोडियम वाढलं की साबणाला विरघळून राहता येत नाही. दुधावर साय धरावी तसा तो वर येतो. ग्लिसरीन, मीठ आणि उरलेलं कॉस्टिक खाली जातं.

आणि कॉस्टिक तरी कुठून आला? मिठापासूनच. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एकीकडे क्लोरीन वायू निघतो, दुसरीकडे हायड्रोजन, आणि पाण्यात कॉस्टिक सोडा उरतो. क्षणभर 1807 च्या लंडनमध्ये डोकावून या. हम्फ्री डेव्ही वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडतोय आणि सुरीने कापता येईल इतक्या मऊ, चांदीसारख्या चकचकीत धातूचे थेंब जमतायत. सोडियम एकटं पहिल्यांदाच दिसलं ते तिथे. पाण्यात टाकलं तर ते पेटतं. म्हणून निसर्गात ते एकटं कुठेच सापडत नाही.

परत या, विहिरीवर. एक बाई साबण घासतेय आणि फेस येत नाही. बादलीत राखाडी चोथा तरंगतोय. इथला खडक काळा बसाल्ट, त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. कॅल्शियम साबणातल्या सोडियमला बाहेर काढून त्याची जागा घेतो आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. तिने मूठभर धुण्याचा सोडा टाकला. त्यातल्या कार्बोनेटने कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवलं आणि फेस आला. सोडियमला हटवणारा कॅल्शियम इथे खलनायक आहे. हे ध्यानात ठेवा.

आता आजच्या दिवसात या. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. तिथून पुढे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शिरा. एका बागेत पाणी देऊन दोन दिवस झाले तरी ते मुरलेलं नाही. वाफसा येतच नाही. केळीच्या पानांच्या कडा करपल्यात. शेतकरी म्हणतो, "जमीन चोपण झाली." बोअरच्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट असेल तर ते साबणाला उत्तम, डाळही लवकर शिजते. जमिनीत मात्र तेच बायकार्बोनेट कॅल्शियमला चुनखडी करून बसवतं आणि मोकळ्या राहिलेल्या सोडियमला चिकणमातीच्या कणांवर जागा मिळते. कॅल्शियम कणांना जवळ धरून ठेवत होता. सोडियम आला की ते सुटे होऊन पसरतात, मातीची छिद्रं बुजतात आणि मुळांचा श्वास कोंडतो. मातीचा सामू 8.5 च्या वर आणि कणांवरच्या सोडियमचा वाटा 15 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण ठरते.

हिच्यावर इलाज तोच, ज्याने विहिरीवर फेस मारला होता. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचा कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला हुसकावतो आणि सोडियम सल्फेट पाण्यात विरघळून खाली निघून जातं. क्रिया तीच, विहिरीवर तिने साबण वाया घालवला, रानात ती बाग वाचवते. चुनखडी भरपूर असलेल्या रानात गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल मातीतल्याच चुनखडीतून कॅल्शियम सोडवतं. धैंचासारखं हिरवळीचं खत गाडलं तर माती आणखी मोकळी होते.

हे सगळं सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट असेल तरच. म्हणून खानदेशातल्या केळीवाल्या शेतकरी भावा-बहिणींना माझं सांगणं आहे: नवी लागण करण्याआधी मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा, दोन्हींचा नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. एकरी जिप्सम किती घालायचं ते त्या अहवालावरून ठरवा, शेजाऱ्याच्या आकड्यावरून नको. आणि जिप्समची पहिली गोणी आणण्याआधी निचऱ्याचा चर खणून घ्या.