दोन बाळासाहेब

सूर्यनमस्कार म्हटलं की आमच्या पिढीला औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. सातारा जिल्ह्यातलं औंध हे तेव्हाचं छोटंसं संस्थान. राजेसाहेब चित्रकार, कीर्तनकार, पण घरोघरी पोचले ते नमस्कारांमुळे. या गोष्टीत आणखी एक माणूस आहे आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. आज त्याच्याविषयी.

राजेसाहेबांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांच्यावर मोहिनी होती युजेन सँडोची. प्रशियात जन्मलेला हा शरीरसौष्ठवपटू तेव्हा जगभर गाजत होता. १८९७ मध्ये भवानरावांनी त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. म्हणजे कुणीतरी आळशी माणसाला अंथरुणातून उठवलं, अशी ही गोष्ट नव्हे बरं का! हा गडी आधीच घाम गाळत होता.

मग १९०८ साल आलं. मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन हे त्यांचे स्नेही. गंमत म्हणजे त्यांनाही बाळासाहेबच म्हणत. या मिरजकर बाळासाहेबांच्या सांगण्यावरून औंधकर बाळासाहेब सूर्यनमस्काराकडे वळले. सँडोची साधनं बाजूला पडली, नमस्कार मात्र शेवटपर्यंत टिकले.

नमस्कारात वजन उचलायचं ते स्वतःचंच. ओणवं होऊन हात जमिनीला टेकवायचे, पाय मागे न्यायचे, कोपरं वाकवून छाती खाली आणायची, पुन्हा वर यायचं. दंड, पोट, पाठ, मांड्या, सगळ्यांना काम. लागतं काय, तर अंथरुणाएवढी जागा. साधनं विकत घेणं राजाला परवडतं, खेड्यातल्या शाळेला नाही. नमस्काराला मात्र ही अडचणच नव्हती. १९०९ मध्ये भवानराव गादीवर आले आणि पुढे संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू झाले. १९२८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. मिरजेच्या मित्राचा एक सल्ला, बघा कुठवर गेला!

आता माझ्यातली मास्तरीण बोलते. राजेसाहेबांना नमस्कार मिळाला मित्राकडून, पण मुलांना तो मिळाला शाळेच्या तासात. दोन्हींत फरक आहे. मीही नोकरीत असताना वर्षानुवर्षं मैदानावर उभं राहून मुलांकडून कवायत करून घेतली. घंटा झाली की कवायत संपे आणि दहावी झाली की कायमची संपे. हुकमाने पाठ वाकते, सवय लागतेच असं नाही. तरी शाळा वाईट असं मी म्हणणार नाही. पुढे कधी मैत्रीण भेटली, तर शरीराला निदान ओळख असते की हे आपण केलेलं आहे.

माझंच घ्या. हे गेल्यानंतर दोनेक वर्षं मी घराबाहेर फारशी पडतच नव्हते. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला. मुलाने हौसेने व्यायामाची सायकल आणली, तिच्यावर टॉवेल वाळत असत. एक दिवस खालच्या मजल्यावरची मैत्रीण दारात आली आणि म्हणाली, "अगं, गच्चीवर चल जरा. माझे नमस्कार मोज, मी आकडा विसरते."

व्यायाम कर, असं तिने म्हटलंच नाही. मी आठवडाभर नुसती मोजत उभी होते. मग तीच म्हणाली, "उभी आहेसच, तर एक घाल." शाळेत घातलेला नमस्कार पन्नास-साठ वर्षांनी अंगाने आपोआप ओळखला. गुडघे कुरकुरले, पण ओळखला. डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवत गेले. आज आम्ही चौघी आहोत. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती खुर्चीत बसून मोजते आणि एकही फुकट सोडत नाही. येत्या रथसप्तमीला न थांबता बारा घालायचे, असं मी ठरवलंय. सध्या नऊवर आहे.

पहाटे अंथरुणात वाटतं, आज राहू दे. मग वाटतं, ती गच्चीवर वाट पाहत असेल, आकडा कोण मोजणार? आणि मी उठते. प्रकृतीसाठी उठते असं म्हणणं खोटं होईल.

मिरजकर बाळासाहेबही औंधकरांना हुकूम सोडू शकत नव्हते. दोघांची ठिकाणं वेगळी. एक मित्र दुसऱ्याला जेवढं सांगू शकतो, तेवढंच त्यांच्या हाती होतं आणि तेवढं पुरलं.

असो. तुम्हाला गच्चीवर बोलावणारं कुणी असेल तर जा. नसेल तर शेजारच्या दारावर तुम्हीच टकटक करा आणि म्हणा, जरा माझे मोजता का?