पदविहार : चालता-बोलता धर्म

सांगोल्याच्या परिसराला पायी चालणाऱ्यांची ओळख नवी नाही. जवळच पंढरपूर असल्याने आषाढी-कार्तिकीला दिंड्यांची पावले या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. दिगंबर मुनींचा विहार मात्र याहून वेगळा. वारकरी पंढरीस पोहोचून घरी परततो, मुनींना घरच नसते. चातुर्मासाचे चार महिने वगळता अखंड चालणे हेच त्यांचे जीवन.

हे चालणे म्हणजे केवळ प्रवास नव्हे. ईर्यासमितीनुसार पुढील चार हात भूमी न्याहाळत, सूर्यप्रकाशातच आणि अनवाणी पाऊल टाकायचे. हाती पिच्छी-कमंडलू, आहार दिवसातून एकदाच, उभ्याने व करपात्रात. त्यामुळे चौक्याची सामग्री घेऊन श्रावक-श्राविकाही संघासोबत चालतात. एकाच्या व्रतासाठी सारा समाज रस्त्यावर येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही परंपरा क्षीण झाली होती. उत्तर भारतात तर दिगंबर मुनींचे दर्शन जवळजवळ दुर्लभ झाले होते. अशा काळी चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराजांचा उदय झाला. १८७२ मध्ये भोजनजीक येळगूळ येथे जन्मलेल्या महाराजांनी १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली. १९२४ मध्ये समडोळी येथे त्यांना आचार्यपद प्राप्त झाले.

१९२७ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. त्याच वर्षी बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरहून सांगोलामार्गे मिरजेपर्यंत गेली. प्रवास सुलभ झाला आणि नेमक्या त्याच वर्षी आचार्यश्रींचा संघ कुंभोज-बाहुबलीहून सम्मेदशिखरजीकडे पायी निघाला! नागपूरमार्गे मार्गक्रमण करीत १९२८ मध्ये संघ वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीस पोहोचला. मुंबईच्या जव्हेरी परिवाराने संघाचा भार वाहिला. पुढे १९३१ चा चातुर्मास दिल्लीस झाला. सार्वजनिक मार्गावरून दिगंबर मुनींनी जावे की नाही, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता. महाराजांच्या पावलांनीच त्याचे उत्तर दिले. गावोगावी लोकांनी मुनिधर्म ग्रंथात नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावर पाहिला.

१८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक त्यांची पदयात्रा विराम पावली.

आज मिरज-सोलापूर महामार्गावरून अवजड वाहने भरधाव धावतात. विहार करणाऱ्या त्यागीगणांना अपघाताचे भय असते. त्यांना वाहनात बसवता येत नाही, पण त्यांच्यासोबत चालता येते. गावाच्या वेशीपर्यंत सामोरे जाणे आणि पुढील गावच्या समाजाकडे त्यांना सुखरूप सोपविणे, ही केवळ रीत नाही. विहाराची परंपरा टिकली ती याच सोबतीवर. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरातून एक तरी युवक या विहारसेवेस लाभला, तर ती आचार्यश्रींना खरी विनयांजली ठरेल.