पटकी आणि पेज

इसवी सन १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाईचे दप्तर कायमचे बंद पडले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दख्खनच्या रयतेवर आणखी एका सत्तेचा अंमल बसत होता, आणि तिला सनदेची वा जाहीरनाम्याची गरज नव्हती. आदल्या वर्षी ऑगस्टात बंगालमधील जेसोर येथे उठलेली पटकीची साथ, बुंदेलखंडातील लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत हजारो माणसांचा बळी घेऊन, फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी दक्षिणेकडे सरकली, आणि १८१८ च्या ऑगस्टात मुंबई बंदरात येऊन पोहोचली. राज्य कोणाचे याचा निवाडा खडकीला आणि कोरेगावला होऊन चुकला होता. परंतु रात्री सुखरूप निजलेला कर्ता पुरुष सकाळी उठेल की नाही, याचा निवाडा करणारे न्यायासन मात्र गावोगाव नव्याने मांडले जात होते.

पचनसंस्थेच्या इतर विकारांत वैद्याला विचार करावयास अवसर मिळतो. अम्लपित्ताचा रोगी वर्षानुवर्षे कुरकुरत जगतो, ग्रहणीचा रोगी पथ्यपाण्याने निभावून नेतो, आणि अजीर्णाला तर आपल्याकडे रोग म्हणूनसुद्धा कोणी फारसे मोजीत नाही. पटकीचे निदान मात्र करावे लागतच नसे, ते दिसे. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके ढाळ, मागोमाग वांत्या, पोटऱ्यांना येणारे वळ, खोल गेलेले डोळे, बसलेला आवाज, बंद झालेली लघवी आणि हाताला न लागणारी नाडी, एवढी लक्षणे काही प्रहरांत एकामागून एक येत, आणि शुद्ध मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत राही. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते, हे कळले म्हणजे या घाईचा उलगडा होतो.

गावाने यावर जो उपाय योजला तो वैद्यकाचा नव्हता, बंदोबस्ताचा होता. मरीआई कोपली आहे असे ठरले म्हणजे लहानसा लाकडी गाडा सजवीत, त्यात देवीची मूर्ती, हिरवे लुगडे, बांगड्या, नारळ, लिंबे ठेवीत, आणि वाजतगाजत तो शिवेपलीकडे नेऊन सोडीत. शेजारच्या गावाला ही पाहुणी अर्थातच नको असे. त्यामुळे ते गाव तिला आपल्या पुढच्या शिवेवर पोहोचते करी, आणि यावरून होणारे तंटे पाटलाच्या चावडीपर्यंत जात. या रूढीला हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, रोग बाहेरून येतो, माणसांबरोबर चालतो आणि गावाच्या सीमेवर अडविता येतो, हा तिच्यामागील समज त्या काळच्या पुष्कळ युरोपीय डॉक्टरांच्या दूषित हवेच्या उपपत्तीपेक्षा सत्याला अधिक जवळचा होता.

वस्तुतः हा रोग आपल्या किनाऱ्याला नवा नव्हता. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात मोडशीचे, म्हणजे पटकीचेच, वर्णन त्या नावानिशी केलेले आहे, आणि देशी वैद्य काय करतात याचीही नोंद ठेवली आहे: रोग्याच्या पायांना ते डाग देतात, हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधतात, आणि मिरी व जिरे घातलेली भाताची पेज त्याला पाजतात. टाचांना डाग देण्याचा विधी सुश्रुताच्या उत्तरतंत्रातही विषूचिकेच्या प्रकरणात आढळतो, तेव्हा त्याला शास्त्राधार होता. पेज मात्र स्वयंपाकघरातून आलेली असावी. आणि माझ्या मते त्या सर्व उपचारांत कामाची वस्तू ती एवढीच होती.

पुढे जे घडले ते खेदजनक आहे. कंपनीच्या सर्जनांनी पारदयुक्त कॅलोमेल, अफूचा अर्क आणि रक्तमोक्षण ही त्रयी प्रचारात आणली. म्हणजे ज्या देहातील द्रव आधीच ओसरला होता त्यातून उरलेसुरले रक्तही काढले जाऊ लागले. तहानेने व्याकुळ झालेल्या रोग्याला पाणी देऊ नये, यावर तर वैद्य, डॉक्टर आणि घरातील वडीलधारी बायामाणसे या सर्वांचे विलक्षण एकमत होते. हे एकमत केवळ अज्ञानाचे म्हणता येत नाही. नुसते पाणी पाजले तर ते उलटून पडे किंवा ढाळावाटे निघून जाई, हे प्रत्येकजण डोळ्यांनी पाहत होता, आणि पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेले चुकीचे अनुमान खोडून काढणे सर्वात कठीण असते.

उत्तर त्या मानाने लवकर सापडले होते. इंग्लंडात साथ पोहोचताच १८३१–३२ च्या हिवाळ्यात विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी आणि क्षार कमी झाले असल्याचे दाखविले, आणि लगेच स्कॉटलंडात लीथ येथे टॉमस लाटा याने खारट पाणी शिरेतून देऊन मरणोन्मुख माणसे उठवून बसविली. त्यांतील बरीच पुढे दगावली, कारण द्रव पुरेसा नव्हता आणि निर्जंतुकही नव्हता. झाले, पद्धत बदनाम झाली. ओशॉनेसी १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत बंगालला आला आणि ज्या देशाला त्याच्या या शोधाची सर्वाधिक निकड होती त्या देशात त्याने नाव मिळविले ते तारायंत्राच्या तारा टाकून!

कलकत्त्यात कॉखने १८८४ साली जंतू निश्चित केला, १८९३ पासून हाफकिनने या देशात लस टोचली, आग्र्याच्या हॅन्किनने विहिरींत परमँगनेट टाकण्याचा प्रघात पाडला. आषाढीच्या गर्दीतून साथ पालख्यांच्या वाटांनी घरोघर परतू नये म्हणून पंढरपूरच्या वारकऱ्यांना सुई टोचून घेण्याचा सरकारी आग्रह सुरू झाला, तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या वारीच्या तयारीचाच भाग होऊन बसला. परंतु हा सगळा प्रतिबंधाचा इतिहास. पडलेल्या रोग्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लेनर्ड रॉजर्सने कलकत्त्यात तीव्र लवणद्रव शिरेतून देण्यास आरंभ केला, आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणले. तथापि सुई, बाटली आणि डॉक्टर ही सामग्री खेड्यात कोठून यावी?

कोडे सुटले ते आतड्यातच. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, जंतूचे विष आतड्याच्या पोकळीत काम करते आणि द्रव बाहेर ओढते. याच सुमारास असेही कळले की, आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा त्याच्याबरोबर मीठ घेतात, आणि मिठामागून पाणी आत जाते. हा मार्ग पटकीतही शाबूत राहतो. म्हणून नुसते पाणी वाया जाते, पण साखर-मीठ घातलेले पाणी अंगी लागते. नॅलिन व कॅश यांनी डाक्का येथे १९६८ मध्ये हे रोग्यांवर सिद्ध केले. आणि भाताच्या पिठाचे पाणीही तेच काम करते, किंबहुना पटकीत ढाळ कमी करते, हे पुढे त्याच शहरात आढळून आले. ओर्ताने ती पेज नोंदवून तोवर चार शतके उलटली होती.

१९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी सीमेवरील बनगाव भरून गेले, पटकी उसळली, आणि शिरेतून देण्याचा द्रव संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या मापाने मिश्रण करावयास सांगितले. कलकत्त्यातील त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत ही चूर्णे तोलून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, त्या तापलेल्या इस्त्रीने बंद केल्या जात. बनगावात ते पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले देण्यात आले. मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० वरून ३.६ वर उतरले. बड्या डॉक्टरांचा विश्वास बसावयास आणखी काही वर्षे जावी लागली. मात्र ते प्रमाण आणि कृती बांगलादेशच्या गुप्त नभोवाणीवरून त्या धामधुमीतच सांगण्यात आली होती.